वानप्रस्थ, पार आणि वृद्धाश्रम

'वृद्धाश्रम' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की, त्याच्या उत्तरार्धाकडे कोणाचे लक्षच जात नाही. 'आश्रम' म्हणताच आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहत असे त्यात नदी होती, वृक्ष होते, निर्भयपणे चरणारी हरणे होती, आणि त्या वृक्षांना पाणी घालणारी माणसेही होती. दुष्यंताच्या दृष्टीस शकुंतला प्रथम पडली ती कण्वाच्या आश्रमातील झाडांस पाणी घालीत असताना, ही गोष्ट संस्कृताशी ज्याची केवळ तोंडओळख आहे त्यासही ठाऊक असते. आज ज्या संस्थेस आपण हा शब्द लावतो तीत खाटा असतात, औषधांचे कपाट असते, जेवणाची घंटा असते, आणि पुष्कळ ठिकाणी दाराशी लहानशी बागही असते. परंतु तिला पाणी घालणारा मनुष्य बहुधा पगारी माळी असतो, आणि आश्रमवासी लोक बाकावर बसून त्याच्याकडे पाहत असतात. शब्द राहिला आणि त्यामागचा व्यवहार पालटला तो कसा, व त्या पालटात म्हाताऱ्या माणसाचे नेमके काय हरवले, ह्याचा थोडासा ऐतिहासिक विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी परभणी जिल्हा आम्ही मुद्दाम डोळ्यांपुढे ठेविला आहे. आपल्याकडे वृद्धाश्रमांविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी पुण्यामुंबईच्या निवृत्त नोकरदारास गृहीत धरून लिहिले जाते; ज्याचे सगळे आयुष्य काळ्या रानात गेले, त्याने उतारवयात चार भिंतींत कसे राहावे, हा विचार त्यात क्वचितच आढळतो.

प्रथम वानप्रस्थाकडे वळू. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने अरण्याचा रस्ता धरावा, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. हा नियम किती लोक खरोखर पाळीत असत ह्याची शंकाच आहे. आमच्या मते तो आचारापेक्षा आदर्शच अधिक होता. परंतु आदर्श म्हणूनही त्यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शास्त्रकारांनी वानप्रस्थास विश्रांती सांगितलेली नाही. अग्नी राखणे, कंदमुळे व रानातील धान्य आणणे, आलेल्या अतिथीचा सत्कार करणे, भूतमात्रांवर दया करणे अशी कामांची भली मोठी यादी त्याच्या गळ्यात घातली आहे. म्हातारपणी अरण्य पाहावयाचे नव्हते. त्यात राहून काही करावयाचे होते.

महाभारतातील आश्रमवासिकपर्व हे ह्या दृष्टीने फिरून वाचण्यासारखे आहे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे पांडवांच्या घरी राहिला. युधिष्ठिराने त्याच्या अन्नवस्त्रात व मानमरातबात काही उणे पडू दिले नाही; भीमाचे टोचून बोलणे तेवढे त्याच्या कानी पडत असे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याची व्यवस्था उत्तम होती. तरीही तो अरण्यात जाण्याची परवानगी मागतो. त्याचे कारण भीमाच्या जिभेत शोधण्याचा मोह होतो; परंतु मग कुंतीचे काय? तिला तर कोणी वावगा शब्द बोलले नव्हते. पुत्र राज्यावर बसलेले, ते पायां पडून विनवीत असलेले, आणि ती त्यांना मागे ठेवून आंधळ्या दिराच्या व डोळे बांधलेल्या जावेच्या सेवेस निघून जाते. तिला वाड्यात ज्याची उणीव भासली ते काम होते, असे आम्हांस वाटते. आणि महाभारतकार अरण्याचे खोटे गोडवे गात नाही, हेही सांगितले पाहिजे. ती तिघेही अखेर वणव्यात सापडून मरतात.

पुढील काळात अरण्याची जागा आपल्याकडे क्षेत्राने घेतली. काशीवास सर्वांस परवडणारा नव्हता. म्हणून गोदावरीच्या काठी त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, नांदेड अशी जी क्षेत्रे आहेत तेथे येऊन उरलेले दिवस काढण्याची रीत पडली. परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या ह्या नदीवर संत जनाबाईचे गंगाखेड आहे, आणि त्यास दक्षिणकाशी म्हणण्याचा प्रघात आहे. नदीस त्या भागात कोणी गोदावरी म्हणत नाही; ती 'गंगा'च. क्षेत्री राहणाऱ्या म्हातारीचा दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा: पहाटे घाटावर स्नान, ओल्या वस्त्रानिशी पिंपळास प्रदक्षिणा, तुळशीस पाणी, गाईस घास, माशांस पिठाच्या गोळ्या. ह्यास आपण धर्म म्हणतो आणि तो धर्म होताच. परंतु ज्याला पाणी न घातले तर वाळेल आणि घास न दिला तर जे वाट पाहील, असे काही तरी जिवंत तिच्या दिनक्रमात सकाळपासून गुंफलेले होते, हे त्या धर्माचे आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे देणे होय. ह्या रीतीची काळी बाजू आम्ही विसरत नाही. कित्येक विधवांची क्षेत्री रवानगी झाली ती पुण्यासाठी नव्हे, तर घरातील एक खाणारे तोंड कमी व्हावे म्हणून.

परंतु क्षेत्री जाणारे थोडेच. बाकीच्यांचे म्हातारपण गावात व रानातच जाई, आणि तेथे त्याला ठरलेली जागा व ठरलेली कामे असत. परभणीकडे शेतातील झोपडीस व तिच्या भोवतालच्या अंगणास 'आखाडा' म्हणतात. त्याचा कुस्तीशी काही संबंध नाही. नांगर हातून सुटला की म्हातारा घरातून निघून आखाड्यावर बाज टाकी. त्याच्या अंगी नांगर धरण्याचे बळ नसले तरी राखणीस लागणारे गुण भरपूर असत: झोप कमी, डोळा तयार आणि घाई कशाचीच नाही. रब्बीची ज्वारी हे ह्या काळ्या जमिनीचे मुख्य वैभव. कणसात दूध भरू लागले की पाखरांचे थवेच्या थवे उतरतात, आणि तेव्हा पहाटेपासून माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणे, हाका घालणे, डबे वाजविणे हे काम म्हाताऱ्यांचे व पोरांचे. कर्ती माणसे त्या वेळी दुसऱ्या कामांत गुंतलेली असत. म्हणजे घराच्या वर्षाच्या भाकरीचा एक भाग म्हाताऱ्याच्या जागेपणावर अवलंबून होता, आणि ते त्याला ठाऊक होते. घरच्यांनाही ठाऊक होते. गाय व्यायला झाली की रात्री तिच्याजवळ बसावयाचे तेही त्यानेच, आणि पेरणीपूर्वी नक्षत्रांचा हिशेब सांगावयाचा तोही त्यानेच. मृगाचा अंदाज चुकला तर लोक त्याची थट्टा करीत. परंतु पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच विचारीत.

म्हातारीचे राज्य परसात. भोपळ्याचा किंवा दोडक्याचा वेल मांडवावर चढविणे, पुढच्या सालाचे बी राखेत घोळून गाडग्यात भरून ठेवणे, कोणत्या वाफ्यात यंदा मेथी घालावयाची आणि कोणत्यात कोथिंबीर हे ठरविणे, ही कामे सुनेच्या हाती सहजासहजी जात नसत. चुलीचा ताबा सुटला तरी बियाण्याच्या गाडग्यांचा ताबा सुटत नसे. सासूसुनांच्या भांडणांचा इतिहास कोणी लिहिलाच तर त्यात ह्या गाडग्यांवर एक प्रकरण अवश्य खर्ची घालावे.

आणि उन्हाळ्यात पार. परभणीचा वैशाख ज्याने अनुभवला नाही त्याला झाडाची किंमत सांगून कळावयाची नाही. पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, पत्र्याखाली बसवत नाही, आणि अशा वेळी गावातील वड, पिंपळ किंवा लिंब ह्यांपैकी एखाद्या झाडाभोवती बांधलेला दगडी ओटा हेच साऱ्या गावाचे गारव्याचे ठिकाण असते. (कडुलिंबास ह्या मुलखात नुसते 'लिंब' म्हणतात, आपल्या लिंबाशी त्याचा घोटाळा करू नये.) पारावर म्हातारे बसत आणि तेथून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करीत. तंटे मिटत, लग्ने जुळत, पावसाची वाट पाहिली जाई. झाड, सावली आणि माणसे ही येथे वेगळी काढताच येत नाहीत. कोणी नुसते 'निसर्गाच्या सान्निध्याचे' गुण गाऊ लागला तर आम्हांस ह्या पाराची आठवण होते. त्या झाडाखाली म्हाताऱ्यास जे समाधान लाभे त्यात निम्मा वाटा झाडाचा आणि निम्मा त्याला कोणीतरी विचारीत होते ह्याचा. अर्थात् पार सर्वांचा नव्हता. कोणी त्यावर बसावे आणि कोणी खालूनच बोलून जावे, ह्याचे कठोर नियम जातीने घालून दिले होते, आणि स्त्रियांस तर तेथे बसण्याची सोयच नव्हती. जुन्या व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्याने हा हिशेबही मांडला पाहिजे.

ही व्यवस्था मोडली ती एका दिवसात नव्हे. १९४८ मध्ये निजामी राज्य संपले. १९५६ मध्ये हा जिल्हा मराठवाड्याबरोबर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शाळा, रस्ते, नोकऱ्या आल्या, आणि ते सर्व हवेच होते. १९७२ च्या दुष्काळात कामाच्या शोधात माणसे घराबाहेर पडली. त्यांतील सगळीच परतली असे नाही. आजही गोदाकाठच्या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीस जोडपी निघून जातात, आणि उन्हाळ्यापर्यंत गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली पोरे एवढीच मागे राहतात. जमिनीच्या वाटण्या होत होत आखाडा कोणाचा हाच प्रश्न उभा राहिला. दावणीची जनावरे कमी झाली. ज्वारीच्या रानात कापूस आणि सोयाबीन आले, आणि त्यांवर दाणे टिपावयास पाखरे येत नाहीत, तेव्हा गोफणही खुंटीस लागली. म्हाताऱ्यास कोणी घराबाहेर काढले नाही. त्याचे काम मात्र त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेले. २०११ च्या खानेसुमारीत ह्या जिल्ह्याची वस्ती अठरा लाखांवर भरली आणि तीपैकी दोनतृतीयांशाहून अधिक अजून खेड्यांत होती. म्हणजे प्रश्न शहराचा नाही, खेड्याचाच आहे.

आता संस्थांचा इतिहास पाहू. तो थोडक्यात आटोपता येतो. आपल्या इलाख्यात म्हाताऱ्या माणसांआधी म्हाताऱ्या जनावरांची सोय झाली, ही मौजेची आणि खेदाची गोष्ट आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मधील आहे. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, ज्यास आज लोक 'निवारा' म्हणून ओळखतात, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. राज्यसरकारने स्वयंसेवी संस्थांमार्फत निराधार वृद्धांसाठी आश्रम चालविण्याची योजना १९६३ मध्ये काढिली. पुरुषास साठ व स्त्रीस पंचावन्न वर्षे ही वयाची अट तीत होती. पुढे १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' ही योजना जिल्ह्याजिल्ह्यांत शंभर शंभर वृद्धांची सोय व्हावी म्हणून निघाली. शेवटी २००७ चा आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा आला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निर्धन वृद्धांस पुरेल असा आश्रम असावा, ही कल्पना त्यात आहे. ह्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात आश्रमांनी कोणत्या सेवा पुरवाव्यात हे सांगताना दोनच गोष्टींचा नामनिर्देश आहे: वैद्यकीय उपचार आणि करमणुकीची साधने. कायदा करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्याने पन्नास वर्षे रान राखिले त्याच्या हाती औषधाची गोळी आणि दूरचित्रवाणीचे बटण दिले की आपले कर्तव्य संपले, ही समजूत त्या शब्दांत नकळत उतरली आहे.

महाराष्ट्रात ह्याहून निराळी एक परंपरा होती आणि आहे. परंतु ती वृद्धांच्या नव्हे, कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत वाढली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ मध्ये, आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी 'तपोवना'त १९४६ मध्ये जे काम सुरू केले, त्यात रोगी मनुष्य हा भिक्षेचा धनी नसून कामाचा धनी आहे, हे तत्त्व होते. बाबा आमटे ह्यांनी १९५१ मध्ये त्या वेळच्या मध्यप्रदेशातील चांदा जिल्ह्यात वरोड्याजवळ पन्नास एकर खडकाळ रानात आनंदवन वसविले, तेव्हा त्यांच्याबरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ज्यांची बोटे झडली होती त्यांनी तेथे विहिरी खणल्या व शेते पिकविली. हे लोक पुढे तेथेच म्हातारे झाले. समाज त्यांना परत घेणार नव्हता. आज आनंदवनात 'उत्तरायण' नावाचे वृद्धांचे घरही आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की, तेथील झाडाकडे पाहणाऱ्या वृद्धांपैकी कित्येकांनी ते झाड स्वतः लाविलेले आहे. सावली तीच, परंतु ती देणाऱ्याशी नाते निराळे.

हा भेद केवळ भावनेचा आहे असे वाचकांस वाटेल, म्हणून पाश्चात्त्यांकडील दोन प्रयोग सांगतो. अमेरिकेतील रॉजर उलरिच ह्यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. तेवीस रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या तेवीस जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. म्हणजे नुसते पाहण्यातही गुण आहे. तो आम्ही नाकारीत नाही. परंतु दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. एलेन लँगर व जुडिथ रोडिन ह्या दोन विदुषींनी १९७६ मध्ये कनेक्टिकटमधील एका वृद्धगृहातील एक्क्याण्णव जणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मजल्यांवरील वृद्धांना कुंडीतील एकेक रोप मिळाले. एका मजल्यावर प्रत्येकाने आपले रोप निवडावयाचे व आपणच सांभाळावयाचे होते. दुसऱ्या मजल्यावर रोप हाती दिले गेले आणि पाणी परिचारिका घालतील असे सांगण्यात आले. पहिल्या मजल्यावरील लोक अधिक आनंदी, अधिक चळवळे व अधिक बोलके झाल्याचे दिसून आले. दीड वर्षाने मोजले तेव्हा त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाणही दुसऱ्यांच्या निम्मेच भरले. येथे सावधगिरी हवी. फरक केवळ रोपाचा नव्हता. पहिल्या गटास इतर बाबतींतही निवडीची मुभा व जबाबदारीचे स्मरण दिले होते. शिवाय मृत्यूंच्या गणितात चूक राहिल्याचे त्या दोघींनीच पुढे जाहीर केले, आणि तो फरक प्रथम वाटला तितका पक्का ठरला नाही. परंतु हिरवेपणा दोन्ही मजल्यांवर सारखाच होता, आणि त्याचे पाणी कोणाच्या हाती होते एवढ्याने माणसांत अंतर पडले, हे त्यातून राहतेच. आमच्या आखाड्यावरील म्हाताऱ्यास हे सांगितले असते तर त्यात नवे काय, असे त्याने विचारले असते.

परभणीत अशा कामास लागणारे सामान दुर्मिळ नाही. निजामी अमदानीपासून येथे कापसावर संशोधन चालत आले. १९७२ मध्ये मराठवाड्याचे कृषिविद्यापीठ येथेच स्थापन झाले, आणि केवड्या रोगास दाद न देणारी जी 'परभणी क्रांती' भेंडी देशभर गेली ती ह्याच मातीतील. तेव्हा बी, रोपे व सल्ला ह्यांसाठी दूर जावयास नको. हरकती येतात त्या चालकांकडून, आणि त्या सगळ्याच पोकळ नाहीत. म्हातारा पडेल, साप निघेल, ऊन लागेल, आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते तेथे बागेस पाणी कोठून आणावयाचे? पडण्यावर उपाय म्हणजे कंबरेइतक्या उंचीचे, विटांनी बांधलेले वाफे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्यासही त्यात हात घालता येतो. उन्हावर उपाय म्हाताऱ्यास आपल्याहून अधिक ठाऊक असतो: तो काम पहाटे करतो. पाणी दीडशे माणसांच्या आंघोळीचे निघते, आणि ते आज गटारात जाते. नेहमीच्या साबणाचे असले तरी निवळून घेतल्यास झाडांना चालते. खरी भीती आम्हांस निराळीच वाटते. चालकांनी ह्या कामास हजेरीपट लाविला आणि आश्रमाची भाजी फुकटच्या मजुरीवर काढू लागले, तर सगळ्यावर पाणी पडेल. ज्यास नको त्याने बाकावर बसावे. परंतु ज्यास हवे त्याच्या हाती खुरपे असावे, आणि त्या वाफ्यात काय पेरावयाचे हे त्याने ठरवावे, चालकांच्या सभेने नव्हे. म्हातारीने मेथीऐवजी अंबाडी घातली तर ती जेवणात आली पाहिजे, मग स्वयंपाक्याच्या कागदावर त्या दिवशी बटाटे का असेनात.

भेंडीच घ्यावयाची तर पावसाळी लागण जूनजुलैत आणि उन्हाळी माघफाल्गुनाच्या सुमारास होते. दीडदोन महिन्यांत तोडा सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की तो एक दिवसाआड करावाच लागतो. चार दिवस कोणी फिरकले नाही तर शेंगा जून होऊन दोरा धरतात आणि झाडही पुढे धरेनासे होते. शेंगांवरची लव हातास खाजते म्हणून जुनी माणसे बोटांस फडके गुंडाळून, दहिवर उतरण्यापूर्वी वाफ्यावर जातात.